विमान कंपनीतली नोकरी आणि गायब झालेलं रोस्टर

"दादा, विमानतळावर लागेल का?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात कळंब आणि आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांत मला इतक्या वेळा विचारला गेला, की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. कर्जत-पनवेल उपनगरी रेल्वे सुरू झाली की हा विमानतळ आम्हा कर्जतकरांना मुंबईपेक्षा जवळ पडणार. बौद्धवाड्यातला बारावी झालेला मुलगा असो की ठाकरवाडीतला दहावी झालेला, सगळ्यांच्या मोबाईलवर त्याच जाहिराती फिरतायत. विमान कंपनीत नोकरी म्हटलं की आईबापांना पोराच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसतं आणि पोराला शेताच्या बांधावरून सुटका दिसते.

मी ही नोकरी केलेली आहे. बी.ए. झाल्यावर २०११-१२ मध्ये चौदा महिने मी मुंबई विमानतळावर लोडर होतो. तेव्हा मलाही लोक सांगायचे, "एअरलाइनमध्ये आहेस, नशीब काढलंस." पुढे समाजशास्त्रात एम.ए. केलं, आता समाजकार्य करतो. त्या चौदा महिन्यांचा अर्थ मला नंतर हळूहळू लागत गेला. तो फक्त माझ्यापुरता नाही, म्हणून इथे मांडतो.

आधी प्रश्न असा, की मी नोकरीला नेमका कुणाकडे होतो? विमान एका मोठ्या कंपनीचं. ते जमिनीवर हाताळण्याचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे. त्या कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार तिसराच. जॅकेटवर दुसऱ्याचं नाव, पगार तिसऱ्याकडून, आणि हुकूम पहिल्याच्या अधिकाऱ्याचा. हातात ७,२०० रुपये पडायचे. पगाराची पावती मागितली की "पुढच्या महिन्यात" असं उत्तर मिळायचं. सुट्टी कुणाकडे मागायची हे विचारलं तर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवायचे. गावात मात्र मी "विमान कंपनीतला" होतो.

काम काय असतं तेही सांगतो, कारण जाहिरातीत ते दिसत नाही. विमान येऊन थांबलं की चाकांना ठोकळे लागतात, शिडी लागते, पट्ट्याची गाडी पोटाला लागते आणि आमची टोळी आत शिरते. लहान विमानात बॅगा हातानेच रचाव्या लागतात. पोटाची उंची एवढी कमी, की उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढून रचायचं. अर्ध्या-पाऊण तासात जुनं सामान उतरवून नवं भरायचं, कारण विमान जमिनीवर उभं राहिलं की कंपनीचा पैसा बुडतो. एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर घेत नाहीत. प्रवाशांना वाटतं हा नियम त्यांना त्रास द्यायला केलाय. खरं तर तो बॅग उचलणाऱ्याच्या पाठीसाठी आहे. एका पाळीत अशा किती बॅगा उचलायच्या, याला मात्र आमच्याकडे कसलीच मर्यादा नव्हती. मे महिन्यात धावपट्टीच्या बाजूचं काँक्रीट बुटातून भाजतं. जुलैमध्ये तेच बूट दिवसभर ओले. इंजिनांच्या आवाजासाठी कानात घालायचे बोळे मिळायचे, ते हरवले की दुसरे आपल्या पैशाने.

रात्रीची पाळी असली की कळंबहून जाणं-येणं शक्यच नव्हतं. नेरळपर्यंत शेअर रिक्षा, तिथून लोकल, पुढे बस. रात्री नऊनंतर नेरळहून कळंबला गाडी मिळेल याची खात्री नाही. म्हणून घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगरात मावशीकडे राहायचो. मावशीच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहावा माणूस म्हणून माझी सोय झाली. कंपनीचा खर्च कसा कमी होतो हे पुस्तकात वाचायची गरज नाही. तो खर्च अशा खोल्यांनी उचललेला असतो.

आता मुख्य गोष्ट. विमानाला दोन गाड्या लागतात. एक पिण्याचं पाणी भरणारी, दुसरी संडासाची टाकी उपसणारी. या दोन्ही गाड्यांवर एकाच माणसाने काम करू नये असा नियम आहे. नियम आरोग्याचा आहे, योग्य आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कोण पाण्यावर आणि कोण संडासावर, हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही. ते पाळीचा सुपरवायझर ठरवतो. आमच्या पाळीत संडासाच्या गाडीवर तीन जण कायमचे होते. दोघे वाल्मिकी, एक मराठवाड्यातला आपला माणूस. पाण्याच्या गाडीवर त्यांच्यापैकी कुणी कधी गेला नाही. कामावर रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी सुपरवायझरने मला नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग "कुठले?" असं विचारलं. विमानतळावर काम करायला गाव कशाला लागतं, हे आपल्यातल्या कुणाला समजावून सांगायला नको. मला बॅगांवर पाठवलं. पाण्याच्या गाडीवर जागा रिकामी झाली तेव्हा मी मागितली. "तिथे माणूस ठरलाय," असं उत्तर आलं. ज्या जिल्ह्यात महाडचं चवदार तळं आहे, त्या जिल्ह्यातून मी आलो होतो. पाण्यावर कोणाचा हात चालतो आणि कोणाचा नाही, हा प्रश्न १९२७ मध्ये सुटला असं मी शाळेत शिकलो होतो.

एम.ए.ला असताना मनमाडच्या परिषदेतलं बाबासाहेबांचं भाषण वाचलं आणि मला माझी पाळीच दिसली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची ती परिषद होती. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही मांडणी तिथली म्हणून आपण सगळे सांगतो. पण त्या भाषणाचा दुसरा भाग आपण कमी वाचतो. त्यात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या कामाचा बारीक हिशेब मांडला आहे. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि वर्षानुवर्षं गँगमनच राहतो. त्याला साधं पोर्टरही करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागतात आणि स्टेशनमास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. म्हणजे कारण रेल्वेचं नव्हतंच, कारण स्वयंपाकघराचं होतं. सगळ्या कामगारांचे प्रश्न सारखेच, वेगळी संघटना कशाला, असं तेव्हाही म्हटलं जात होतं. बाबासाहेबांनी उत्तर भावनेने दिलं नाही. कुणाला कोणती जागा मिळते हे दाखवून दिलं. रेल्वे जाऊन विमान आलं, पण त्या पद्धतीने आपण आजचा हिशेब मांडला आहे का?

यावर एक मुद्दा लगेच येईल, की सरकारी कंपनीत तरी काय मोठं चांगलं होतं? मावशीचे मोठे दीर एअर इंडियात होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ऐंशीच्या दशकात अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर हेल्पर म्हणून लागले. अण्णांनाही टोमणे ऐकावे लागले. "कोट्यातले" हा शब्द त्यांनी तीस वर्षं ऐकला. पण त्यांच्या टोमण्यांच्या वर एक कागद होता. बढतीची यादी लागायची, त्यात बिंदुनामावलीप्रमाणे त्यांचा क्रमांक असायचा, आणि डावललं तर एससी-एसटी कर्मचाऱ्यांची संघटना दारात उभी राहायची. कालिन्याला क्वार्टर मिळालं, दवाखाना मिळाला, पोरगा इंजिनिअर झाला. निवृत्त झाले ते सुपरवायझर म्हणून. अण्णा आणि मी, दोघांनीही विमानात सामान भरलं. त्यांच्या कामातून एक घर उभं राहिलं, माझ्या कामातून एका महिन्याचं भाडं निघालं. फरक मेहनतीचा नव्हता. त्यांचा मालक सरकार होता आणि सरकारवर संविधानाचं बंधन होतं.

ते बंधन कसं सुटलं हे तरुणांनी समजून घ्यायला हवं. टाटांनी १९३२ मध्ये सुरू केलेली विमानसेवा १९५३ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली. ८ ऑक्टोबर २०२१ ला ती १८,००० कोटींच्या बोलीवर पुन्हा टाटा समूहाला दिल्याचं जाहीर झालं आणि २७ जानेवारी २०२२ ला ताबा गेला. तेव्हा एअर इंडियात १२,०८५ कर्मचारी होते, त्यातले ४,००१ आधीच कंत्राटी. एक वर्ष कुणाला काढणार नाही अशी अट होती. वर्तमानपत्रांनी "घरवापसी" म्हणून बातम्या केल्या. पण नव्या भरतीतलं अनुसूचित जातीचं १५ टक्के, जमातीचं साडेसात टक्के आणि ओबीसींचं २७ टक्के आरक्षण त्या दिवशी संपलं, ही बातमी किती जणांनी वाचली? कुणीही आरक्षण रद्द करण्याचा कायदा केला नाही. मोर्चा काढायला निमित्तच मिळालं नाही. आरक्षण जागच्या जागी राहिलं, त्याच्याखालची कंपनी काढून घेतली.

आरक्षणाबरोबर आणखी एक गोष्ट गेली आणि तिची चर्चा तर आपल्यातही होत नाही. पूर्वी एअर इंडियात हवाईसुंदरीने ३५ व्या वर्षी, किंवा पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी सोडायची असा नियम होता. नर्गेश मिर्झा आणि सहकारी न्यायालयात गेल्या. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाची अट ठेवली, पण गरोदरपणाची अट कलम १४ च्या विरोधी ठरवून रद्द केली. कलम १४ म्हणजे कायद्यापुढे समानता. ते कलम कंपनीसमोर धरता आलं, कारण ती कंपनी म्हणजे "राज्य" होतं. आता पुढचं पाहा. एअर इंडियाच्या काही कर्मचाऱ्यांनी पगार आणि बढतीबद्दल उच्च न्यायालयात रिट याचिका केल्या होत्या. याचिका केल्या तेव्हा कंपनी सरकारी होती. निकाल यायच्या आत ती विकली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, की आता खासगी कंपनीविरुद्ध ही रिट चालणार नाही. १६ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. दुसरीकडे दाद मागा, एवढी मोकळीक उरली. माणसं तीच, तक्रार तीच, विमानंही तीच. फक्त मधल्या काळात मालक बदलला आणि संविधान घेऊन उभं राहायचं दार बंद झालं. खासगीकरणात नोकरी कधी राहते, कधी जाते. नोकरीतला संविधानाचा भाग मात्र हमखास जातो.

"पण तोट्यातली कंपनी जनतेने किती दिवस पोसायची?" हा प्रश्न आपल्यातलेही शिकलेले मित्र विचारतात. तोटा कुणी केला ते आधी पाहू. १११ विमानांची अवाढव्य खरेदी आणि २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सबरोबर केलेलं विलीनीकरण हे निर्णय हेल्पर आणि लोडरने घेतले नव्हते. या खरेदीवर महालेखापालांनी २०११ च्या अहवालात ताशेरे ओढले. ज्यांनी सह्या केल्या त्यांचं काय गेलं? आणि खासगी म्हणजे कार्यक्षम, असं असेल तर २०१२ मध्ये किंगफिशर का बंद पडली? १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं तेव्हा हजारो कर्मचारी थकलेल्या पगारासह रस्त्यावर आले. मालक खासगी असला की तोटा होत नाही असं नाही. तोटा कुणाच्या अंगावर टाकायचा ते तो ठरवतो.

आरक्षण जिथे शिल्लक आहे तिथलं चित्रही बघा. विमानाच्या जमिनीवरच्या कामाची एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेस ही कंपनी विक्रीत गेली नाही, सरकारकडेच राहिली. १६ जुलै २०२४ ला कालिन्यात तिची थेट भरती होती. २,२१६ जागा, हँडीमन आणि युटिलिटी एजंटच्या, पगार २२ ते २५ हजार. हजारोंची झुंबड उडाली, चेंगराचेंगरीची वेळ आली, शेवटी अर्ज ठेवून घरी जा म्हणून सांगावं लागलं. कळंबमधले दोघे त्या गर्दीत होते, एकजण पदवीधर. पद दहावी पासचं. कंपनी सरकारी असल्याने आरक्षणाचे नियम लागू, पण नेमणूक तीन वर्षांच्या करारावर. म्हणजे जिथे नोकरी वाढते तिथे आरक्षण नाही, आणि जिथे आरक्षण आहे तिथे नोकरीच कायम नाही. तीन वर्षांच्या करारात बढतीतलं आरक्षण कुठून येणार?

काही जण म्हणतात, लोडर कशाला, वर जा, शिका. शिकलंच पाहिजे. पण वर गेल्यावर जात खाली राहते हा भ्रम नको. जून २०२५ मध्ये इंडिगोच्या एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाने ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. विमान उडवायची लायकी नाही, चपला शिवायला जा, अशा अर्थाचं आपल्याला बोललं गेलं अशी त्याची तक्रार होती. कंपनीने आरोप निराधार म्हणून फेटाळले. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. मी एवढंच म्हणतो, की वैमानिकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेल्या माणसालाही असा गुन्हा नोंदवावा लागत असेल, तर संडासाच्या गाडीवरच्या तिघांकडून तक्रारीची अपेक्षा कशी करायची?

आता आपल्या दारातल्या विमानतळाबद्दल. त्यासाठी दहा गावं उठली. प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीचा साडेबारा टक्के परतावा मिळतो, तो दि. बा. पाटलांच्या लढ्यामुळे आणि जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पडलेल्या पाच हुतात्म्यांमुळे. त्या लढ्याला माझा सलाम आहे. पण परतावा सातबाऱ्यावर मिळतो. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात, मिठागरात, खाडीत राबत होता, त्या बौद्ध, कातकरी, आगरी-कोळी भूमिहीनाला सातबारा कुठून? त्याच्या वाट्याला फक्त रोजगाराचं आश्वासन येतं. म्हणून त्या रोजगाराच्या अटी काय, हा आपला प्रश्न आहे. या विमानतळात सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे. जमीन सार्वजनिक, हिस्सा सार्वजनिक, तर नोकऱ्यांचा हिशेब खासगी का?

जे मुलं-मुली तिथे जाणार आहेत त्यांना मी "जाऊ नका" म्हणणार नाही. पोटाला लागतं. पण काही गोष्टी डोळे उघडे ठेवून करा.

एक, ॲकॅडमीला लाख-सव्वा लाख भरू नका. आमच्या वाड्यातल्या एका ताईने बचत गटाचं कर्ज काढून लेकीची फी भरली. मुलगी आज विमानतळावरच्या एका दुकानात काउंटरवर उभी आहे. ज्या पदाला दहावी लागते त्याला त्यांचं प्रमाणपत्र लागत नाही.

दोन, नेमणूकपत्र कुणाच्या नावाने आहे ते वाचा आणि त्याचा फोटो घरी पाठवून ठेवा. पीएफचा यूएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात मागा आणि पैसे जमा होतात का ते मोबाईलवर तपासा. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालक जबाबदार असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यात कामगारांचं बरंच गेलं, पण निश्चित मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे. तो सोडू नका.

तीन, ॲट्रॉसिटी कायदा खासगी कंपनीतही लागू आहे. मात्र जातिवाचक शिवीगाळ इतरांच्या देखत झाली होती हे दाखवावं लागतं. म्हणून तारीख, वेळ आणि तिथे कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

चार, विमानतळाच्या पासाला पोलिस पडताळणी लागते. ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांचा पास प्रलंबित गुन्ह्यामुळे अडकू शकतो. कार्यकर्त्यांनी अशा मुलांची यादी करून वकिलांमार्फत पाठपुरावा केला पाहिजे. भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

आणि चळवळीला माझं सांगणं आहे. २००६ च्या सुमारास खासगी क्षेत्रात आरक्षणाची चर्चा झाली, तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी कायद्याऐवजी ऐच्छिक आचारसंहिता पुढे केली आणि विषय थंड झाला. तो पुन्हा तापवायचा असेल तर नुसती मागणी पुरणार नाही, हिशेब लागेल. नवी मुंबई विमानतळावर कोणत्या कामावर कोणत्या समाजाची किती माणसं आहेत, संडासाच्या गाडीवर कोण आणि काउंटरवर कोण, कायम किती आणि ठेक्यावर किती, हे आपण मोजायला सुरुवात करू. कर्जत, खालापूर, पनवेल, उरणमधल्या प्रत्येक शाखेने आपल्या गावातून तिथे लागलेल्या मुलांची एक वही केली तरी सहा महिन्यांत चित्र समोर येईल. कंत्राटी जागांनाही आरक्षण लागू करा आणि सार्वजनिक जमिनीवरच्या प्रत्येक प्रकल्पाने सामाजिक आकडेवारी जाहीर करावी, या दोन मागण्या ती वही हातात घेऊन करता येतील. मनमाडला बाबासाहेब असाच हिशेब घेऊन उभे होते.

कळंबमध्ये ही वही सुरू केली आहे. आतापर्यंत सतरा नावं झाली. तुमच्या गावची कधी सुरू करताय?

जय भीम.